नितेशच्या दुकानापुढचं ताम्हण

कमळ वेसाव्याच्या बंदरावरून ओरडली, तर खाडीपलीकडे मढच्या धक्क्यावरचा माणूस मान वळवून बघायचा. हा आवाज देवाने तिला मासे विकायला दिला होता. पण देव दिलेल्या वस्तूकडे पुन्हा वळून बघत नाही, म्हणून तिने तो भांडायला, पोराला उठवायला, रिक्षा थांबवायला, सगळ्यालाच वापरला. त्या मे महिन्यात मात्र तिने तो एका माणसाचं नाव घ्यायला वापरला, आणि पुढचं सगळं रामायण तिथून झालं.

कमळ मासे विकायला बसायची ती कोळीवाड्याच्या तोंडाशी. एका बाजूला कोळीवाड्याची बैठी घरं, दुसऱ्या बाजूला नवे टॉवर, मध्ये रस्ता. आधी तिथे एक जुनं भेंडीचं झाड होतं. ते वादळात आडवं झालं आणि कमळच्या डोक्यावरची सावली गेली. उन्हात पापलेटाचे डोळे दुपारच्या आधी पांढरे पडायला लागले. गिऱ्हाईक काय, डोळेच बघतं.

तेवढ्यात टॉवरमधली समीक्षा दोन-चार माणसं आणि कुदळ घेऊन आली. शाळेत शिकवणारी, बारीक चणीची, पण चिकट बाई. दर रविवारी ही मंडळी रस्त्यावरच्या झाडांना पाणी घालायची, आळी करायची, बुंध्यात ठोकलेले खिळे उपटायची. कोणी पगार देत नव्हतं, कोणी चहासुद्धा विचारत नव्हतं. लोक त्यांना झाडवाले म्हणायचे, आणि ते काही कौतुकाने म्हणायचे असं नाही.

"इथे ताम्हण लावतोय मावशी," समीक्षा म्हणाली. "प्रत्येक झाडाला एक पालक असतो. तुम्ही व्हाल?"

"मला सावली पायजे," कमळ म्हणाली. "तुमचं ते पर्यावरण नको."

"चालेल की. सावलीच घ्या."

अशी कमळ झाडवाली झाली. सावलीसाठी म्हणून बसली आणि अडकली. शेळी आली की कोयती घेऊन उठायची. कोणी बुंध्याला मोटरसायकल टेकवली की तिची हवा काढायची. निवडणुकीत एका पोराने पुढाऱ्याचा फोटो खिळ्याने ठोकला, तर तिने माशाचा काटा काढावा तसा खिळा काढला आणि फोटो त्या पोराच्या हातात देऊन म्हणाली, "हा तुझ्या कपाळाला ठोक."

मासे धुतलेलं टोपातलं पाणी ती ताम्हणाच्या बुडाशी ओतायची. त्या पाण्यासारखं खत नाही, हे कोळीवाड्यात कोणालाही विचारा. ताम्हण असं तरारलं की चौथ्या उन्हाळ्यात फुललं. जांभळ्या फुलांचे तुरेच तुरे. कमळने त्या दिवशी सासूला, द्रौपदीला, हाताला धरून हळूहळू रस्त्यापर्यंत आणलं. म्हातारी पंच्याऐंशीच्या पुढची, मनोरीचं माहेर. झाडाखाली स्टुलावर बसून तिने वर बघितलं आणि म्हणाली, "नवरीगत दिसतंय गो." त्यानंतर ती रोज घरी विचारायची, माझी नवरी कशी आहे.

खत झाडाला गेलं खरं, पण वास कुठे गेला? तो गेला नितेशच्या दुकानात.

नितेशचं झेरॉक्सचं दुकान ताम्हणाच्या अगदी अंगाशी. पायरी उतरली की आळंच. झेरॉक्स काढून दे, आधार कार्डाला प्लास्टिक मार, पोरांच्या वह्या, पेन्सिली, असा त्याचा धंदा. माणूस मूळचा मालवणचा, स्वतः मासे खाणारा, कमळकडूनच घेणारा. पण मासे ताटात वेगळे आणि दाराशी वेगळे. गिऱ्हाईक पदराने नाक झाकून आत यायचं. त्यात झाडाची फांदी बरोबर त्याच्या बोर्डावर आलेली. 'झेरॉक्स'मधला 'झे' तेवढा दिसायचा, बाकी सगळं ताम्हण.

एप्रिलमध्ये दोघांचं वाजलं. भर बाजारात.

"मावशी, हे पाणी गटारात टाका ना!"

"गटार तुझ्या तोंडात आहे रे नितेश. झाडाला खत आहे ते."

"खत? माझा धंदा बसला या खताने! एक दिवस तुमच्या झाडाला ॲसिड घालतो, बघा!"

रागात माणूस बोलतो. कमळ तर रोज चार माणसांना समुद्रात बुडवायची, म्हणून कोणी बुडालं नव्हतं. पण हे वाक्य दहा जणींनी ऐकलं, आणि वाक्याला पाय फुटायला वेळ लागत नाही.

मे लागला आणि ताम्हणाच्या पानांच्या कडा करपल्या. मध्ये हिरवं, कडेला तपकिरी, जसं कोणी विडीचं टोक फिरवत गेलंय. आधी वाटलं ऊन. मग पानं गळायला लागली. कळ्या धरल्या होत्या त्या काळ्या पडून खाली आल्या. कमळ घरातलं प्यायचं पाणी अर्धं करून एक बादली झाडाला घालायची. मे महिन्यात नळाला धार ती केवढी, बादलीवर दुसरी बादली मिळायची नाही. रोज रात्री जेवताना ती सासूपुढे रडगाणं गायची, "आज अजून सुकलं गो आय. काय झालंय कळत नाय." म्हातारी ऐकायची, मान हलवायची, आणि लवकर झोपायची.

गुरुवारी सकाळी एक अख्खी फांदी बोडकी दिसली. कमळ टोपलीसमोर उभी राहिली, पदर खोचला, आणि त्या आवाजात, मढच्या धक्क्यापर्यंत जाणाऱ्या आवाजात, ओरडली, "नितेशनं मारलं झाड! ॲसिड घालतो बोलला होता, घातलंन! बघा रे बघा, पोटच्या पोरागत वाढवलेलं झाड मारलंन!"

नितेश बाहेर आला, "मी नाही, आईशप्पथ नाही," म्हणाला, पण त्याचा आवाज रस्ताही ओलांडू शकत नव्हता. संपलं. त्या दिवसापासून कोळीवाड्याने त्याच्या दुकानाची पायरी चढणं सोडलं. टॉवरवाल्यांनीही सोडलं. झाडाचा खून करणाऱ्याकडे झेरॉक्स कशाला काढायची? त्याच्या बायकोला, नमिताला, बाजारात कोणी मासे देईना. गाळ्याच्या मालकाने निरोप पाठवला की पोलीस दाराशी आले तर गाळा खाली करायचा. तीन दिवसांत माणसाचं तोंड असं झालं की जसं त्यालाच कोणीतरी बुडाशी काही घातलंय.

कमळला वाईट वाटलं का? खोटं कशाला बोला. नाही वाटलं. एकदा मनात नाव बसलं की डोळे तेच बघतात. त्याच्या दुकानामागे संडास साफ करायची ॲसिडची बाटली आहे हे तिने पाहिलं. प्रत्येकाच्या संडासात ती असते, तिच्याही होती, हे तिने पाहिलं नाही.

शनिवारी समीक्षा आली. बुडाची माती उकरली तर आत पांढरे कण चमकले. सगळे दोन पावलं मागे सरले.

"हात लावू नका," समीक्षाने हात आडवा धरला. "केमिकल आहे काहीतरी. हे तपासायला द्यायचं. उद्या दहा वाजता सगळे जमू, आणि हे घेऊन पोलीस चौकीला जाऊ. झाड मारणं गुन्हा आहे."

तिने प्लास्टिकची पिशवी हाताला गुंडाळून चिमटीभर कण उचलले आणि पुडी बांधली. पुडी ठेवायची कोणाकडे? पालकाकडे. कमळने ती घरी नेऊन देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर ठेवली आणि घरात सगळ्यांना बजावलं, विष आहे, लांब राहा. सगळे म्हणजे कोण? मुलगा दिपेश आणि म्हातारी. म्हातारीने ऐकलं की नाही कोण जाणे. तिला एका कानाने कमी ऐकू यायचं, आणि कुठल्या कानाने ते ती सोयीने ठरवायची.

रविवार उजाडला. दिपेश चहा न घेताच गेला. जाताना म्हणाला, "आई, चौकीवर जायच्या आधी आम्ही पोरं त्याचा बोर्ड उतरवतो. बोर्डासाठीच केलं ना त्याने? मग बोर्डच नको."

"काढा," कमळ म्हणाली. "माझी वाट बघू नका."

तिने ठेवणीतली साडी काढली. पोलीस चौकीत जायचं म्हणजे माणसात दिसलं पाहिजे. भिंतीवरच्या आरशात बघून केसात गजरा खोचत होती. पाठीमागे म्हातारी पेज घेऊन बसली होती, सोबत भाजलेल्या बोंबलाचा तुकडा. चमच्याचा आवाज येत होता. मग तो थांबला. काठी टेकल्याचा आवाज आला. मग पिशवीचा कुरकुर आवाज आला.

आरशात कमळला दिसलं ते असं: फळीवरची पुडी म्हातारीच्या मांडीवर उघडी, म्हातारीच्या बोटाला पांढरे कण, आणि बोट तोंडात.

कमळ किंचाळली. गजरा कुठे गेला, फणी कुठे गेली, एका उडीत ती म्हातारीवर पडली, गालफाडं दाबून तोंड उघडलं आणि आत बोटं घातली. "थुंक! थुंक आय! विष हाय त्ये!"

म्हातारीला दात उरले होते मोजकेच, पण होते ते कामाचे. तिने कडकडून चावा घेतला.

"आयो गं!"

"मेली, मारतंस काय मला?" म्हातारी ठसकत ओरडली. "पेजेत मीठ नव्हतं, म्हणून घेतलं! मीठ हाय गो! मीठ!"

"विष आहे! झाडाच्या बुडातून काढलंय!"

"मग मीठच ना! मी घातलेलं मीठ मला कळत नाय?"

कमळचं बोट रक्ताळलं होतं. ती ते दुसऱ्या हातात धरून तशीच गुडघ्यावर बसली. बाहेर कोंबडी ओरडत होती, कोणाच्या तरी घरात टीव्ही लागला होता. तिला एवढंच ऐकू आलं: मी घातलेलं.

"काय घातलंस, आय?"

म्हातारीने तोंड पुसलं. मग तिने असं सांगितलं, जसं कोणी चांगल्या कामाचं सांगतं. मनोरीला तिच्या बापाची माडांची वाडी होती. माड रोडावला की बाप बुडाशी उकरून जाडं मीठ घालायचा. मीठ घातलं की माड जोर धरतो, हे सगळ्या किनाऱ्याला ठाऊक. उन्हाने नवरी सुकतेय म्हटल्यावर दुसरं काय करायचं? सकाळी कमळ बंदरावर मासळी घ्यायला गेली की म्हातारी भिंतीला धरत धरत झाडापर्यंत जायची, पदरात मूठभर मीठ, काठीने उकरायची, घालायची, वर माती सारायची. घरात सुकं खारवायच्या मिठाच्या गोणी भरलेल्या, मूठ गेली काय आणि राहिली काय. झाडापाशी वाकलेल्या म्हातारीला रस्त्यात कोण विचारणार? पाया पडत असेल म्हणतात आणि पुढे जातात.

"तू रोज रात्री सांगायचीस, अजून सुकलं, अजून सुकलं," म्हातारी म्हणाली. "म्हणून मी रोज थोडं वाढवलं."

कमळने पुडीत बोट बुडवून जिभेला लावलं. मीठ. जन्मभर ज्यात हात भिजले ते मीठ. ती एवढे दिवस त्याच्या शेजारी बसून मासे विकत होती आणि ॲसिड, ॲसिड म्हणून बोंबलत होती.

रस्त्याच्या बाजूने आवाज यायला लागला. पोरांचा. "खाली ओढ! खाली ओढ!" तिने दिपेशला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. त्या गोंगाटात त्याला कसला ऐकू येतोय.

पुडी हातात, आणि मोरी दोन पावलांवर. कमळ मोरीपाशी गेली. हे घर सोडून कोणाला माहीत होतं? कोणालाच नाही. पुडी ओतली, वर तांब्याभर पाणी टाकलं, की संपलं. म्हातारीला कोणी हसणार नाही. कमळला बाजारात मान खाली घालावी लागणार नाही. समीक्षा म्हणेल पुडी कुठे, तर सांगायचं उंदराने नेली. नितेशचं काय, पोलीस दोन प्रश्न विचारतील आणि सोडतील. सोडतील ना? गाळा जाईल तेवढा. दुसरीकडे मिळेल. झेरॉक्स कुठेही निघते.

तिने पुडी मोरीवर धरली.

"कमळ," मागून म्हातारी हळूच म्हणाली. आता तिचा आवाज चोरटा झाला होता. "मीठ जास्त झालं का गो? माझ्याने मेली का नवरी?"

कमळने वळून बघितलं. म्हातारीची पेज तशीच पुढ्यात, आणि दोन्ही हात मांडीवर उलटे पडलेले. ज्यांनी काहीच केलेलं नसतं, त्यांचे हात असे पडत नाहीत.

"जास्त नाय, आय," कमळ म्हणाली. "ते झाड माडाचं नाय, एवढंच."

आणि पुडी मुठीत घेऊन ती धावली. साठीला आलेली बाई, ठेवणीतली साडी, एका बाजूने सुटलेले केस, बोटातून रक्त. गल्लीतल्या बायका दारात आल्या. "काय झालं गो? म्हातारी गेली काय?" तिने उत्तर दिलं नाही. त्यातच त्यांना कळलं की काहीतरी भलतंच आहे, कारण कमळ विचारल्यावर गप्प राहिलेली कोणी कधी पाहिली नव्हती.

दुकानापुढे ही गर्दी. शटर अर्धं खाली. शिडी लावून दिपेश वर चढलेला, बोर्डाचा एक कोपरा सुटून लोंबत होता, आणि प्लास्टिकचा तुकडा तुटून पायरीवर पडला होता. नितेश शिडीचा पाय धरून उभा होता. ओढत नव्हता, पाडत नव्हता, नुसता धरून होता, जसा कोणी बस निघताना दांडा धरतो. नमिता शटरच्या आतून वाकून बघत होती. समीक्षा बाजूला, एका कानात बोट घालून फोनवर. चौकीशीच बोलत होती.

"आली, आली! कमळमावशी आली!" कोणीतरी ओरडलं. गर्दी दुभंगली. तिलाच वाट करून दिली, तीच तर फिर्यादी.

"बोल मावशी! सांग सगळ्यांना!"

कमळने तोंड उघडलं आणि आवाज आला नाही. मढपर्यंत जाणारा आवाज घशाच्या खाली कुठेतरी नांगर टाकून बसला. समोर नितेश तिच्याकडे बघत होता. दाढी वाढलेली. त्या डोळ्यांत राग असता तर तिला सोपं गेलं असतं. तो फक्त वाट बघत होता, आता अजून काय.

तिने पुडी उघडली, चिमूट घेतली, आणि सगळ्यांसमोर तोंडात टाकली.

"मावशी!" समीक्षाने फोन सोडून झेप घेतली. "काय करताय तुम्ही? थुंका ते!"

"मीठ आहे," कमळ म्हणाली.

"काय?"

"मीठ. जेवणातलं. ॲसिड नाय, केमिकल नाय. मीठ घातलंय झाडाला." मग आवाजाने नांगर उचलला. "आणि नितेशनं नाय घातलं! आमच्या घरातनं आलंय! माड समजून घातलंय! नितेशनं काय नाय केलं! खाली उतर दिपेश!"

दिपेश शिडीवरून म्हणाला, "आई, गप बस. काय बोलतेस तू?"

"उतर म्हटलं ना! नायतर शिडी ओढते!"

गर्दीत एक जण फिसकन हसला. "कोणी घातलं गं? तू?"

"आमच्या घरातनं," कमळ पुन्हा म्हणाली. नाव तिने दाताखाली धरलं होतं आणि सोडायची नव्हती. पण तेवढ्यात काठीची टकटक आली. द्रौपदी. भिंत धरत, थांबत, कोणाच्या तरी नातीच्या खांद्यावर हात ठेवून, ती पोचली होती.

"मी घातलं," म्हातारी म्हणाली. "कोणाला काय बोलायचं त्ये मला बोला. माडाला चालतं, या नवरीला का चालत नाय? मला काय माहीत, ही एवढी नाजूक!"

काही हसले, काहींनी तोंडाला पदर लावला. समीक्षाने फोन कानाला लावून चौकीला सांगितलं, "नको, येऊ नका, गैरसमज झाला." तिची मान लाल झाली होती. केमिकल हा शब्द तिने काढला होता, आणि ती ते विसरणाऱ्यातली नव्हती. ती नितेशपुढे जाऊन म्हणाली, "माफ करा, मी तपासल्याशिवाय बोलले."

नितेश म्हणाला, "तीन दिवस मॅडम. तीन दिवसांत माझी पोरगी क्लासला गेली नाही. मैत्रिणी विचारतात, तुझ्या पप्पांना पकडून नेणार का."

मग तो कमळकडे वळला. तिने हात जोडले होते, रक्ताळलेल्या बोटासकट. त्याने ते बघितले, पायरीवर पडलेला बोर्डाचा तुकडा उचलला, आत गेला आणि शटर पूर्ण खाली ओढलं. त्या आवाजाने कावळे उडाले.

झाड मात्र कोणाच्या रुसव्यासाठी थांबणार नव्हतं. समीक्षाने ओळखीच्या नर्सरीवाल्याला फोन करून विचारलं. तो म्हणाला, वरची माती काढून फेका आणि गोडं पाणी सोडा, भरपूर, मीठ खाली धुऊन जाईपर्यंत. जगलं तर जगलं.

गोडं पाणी, मे महिन्यात! नळ दुपारीच कोरडे. पण कोळीवाड्यात देवळामागे जुनी बाव, म्हणजे विहीर, आहे, समुद्र हाकेवर आणि पाणी गोड. दिपेश आणि त्याची पोरं, जी बोर्ड उतरवायला आली होती, तीच हातगाडीवर पिंपं लादून बावीवर गेली. पिंपं मासळीची, म्हणून कमळने प्रत्येक पिंप दोनदा धुवायला लावलं आणि वास घेऊन पाहिलं. समीक्षा साडी वर खोचून घमेल्याने माती काढत होती. म्हातारी स्टुलावर बसून प्रत्येक पिंपाला विचारत होती, "चाखून बघितलं का रे? गोडं हाय ना?" संध्याकाळपर्यंत पाणी चाललं, आणि शटर बंदच राहिलं.

दुसऱ्या दिवसापासून कमळने एक काम धरलं. जितक्या मोठ्याने नाव घेतलं होतं तितक्याच मोठ्याने ते परत घ्यायचं. ती टोपलीसमोर बसायची आणि ओरडायची, "पापलेट, सुरमई, ताजी फडफडीत! नितेशनं झाड नाय मारलं हो, आमच्या मिठाने मेलं! हलवा घ्या, हलवा!" पहिल्या दिवशी लोक हसले. दुसऱ्या दिवशी शेजारची शांताबाई वैतागली, "अगो, कळलं सगळ्यांना, आता बस कर, माझं गिऱ्हाईक बिचकतं."

"गुरुवारी ओरडले तेव्हा बोललीस का बस कर?"

शांताबाई आपल्या टोपलीवर बर्फ सारू लागली, कारण गुरुवारी तीच सगळ्यांत पुढे होती. गाळ्याच्या मालकाच्या टॉवरमधल्या घरीही कमळ जाऊन आली. त्याने आधी दार उघडलं नाही. तिने खालूनच सगळं सांगितलं, तेव्हा सात मजल्यांनी ऐकलं आणि त्याने घाईने उघडलं. गाळा राहिला. दिपेशने बोर्ड परत बसवला, पण तुटलेला कोपरा तुटलेलाच. नितेशने दुकान उघडलं, गिऱ्हाईक हळूहळू आलं. कमळशी मात्र तो बोलला नाही. तिच्यासमोरून जायचा आणि झाडाकडे बघायचा, तिच्याकडे नाही. नमिता मासे घ्यायला पार यारी रोडला जायची. कमळ मासे धुतलेलं पाणी तेवढे दिवस उचलून गटारात टाकत होती.

ताम्हण पूर्ण बोडकं झालं. नुसत्या काड्या. समीक्षा नखाने साल खरवडून बघायची, आत हिरवं आहे का. कधी असायचं, कधी नसायचं.

मेचा शेवटचा दिवस आला. दुसऱ्या दिवसापासून मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर, त्यामुळे बाजारात ताज्या मासळीवर झुंबड. कमळकडे पाय ठेवायला जागा नव्हती. गर्दीतून एक हात पुढे आला, पापलेट उचललं, कल्ला उघडून पाहिला, नाकाशी नेलं. नितेश.

"शिळं आहे," तो म्हणाला. मोठ्याने. सगळ्यांना ऐकू जाईल असं.

बाजार थांबला. कमळच्या मासळीला शिळं म्हणालेला शेवटचा माणूस बर्फाच्या पाण्याने न्हाऊन घरी गेला होता, हे सगळ्यांना आठवत होतं. शांताबाईने आपली टोपली हळूच बाजूला ओढली. कमळच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. पहाटे अंधारात बंदरावर स्वतः निवडून आणलेलं पापलेट होतं ते, कल्ले कुंकवासारखे लाल. तिचं तोंड उघडलं. समोर त्याचा बोर्ड होता, एका कोपऱ्याने तुटलेला. झाडाला पान नसल्यामुळे आता तो अख्खा वाचता येत होता.

तिने तोंड मिटलं.

"असेल," ती म्हणाली.

"काय म्हणालात? ऐकू नाही आलं."

"असेल म्हटलं!" हे मढला गेलं असावं.

नितेश तिच्याकडे बघत राहिला. मग पापलेट तिच्या पुढ्यात टाकलं. "हेच द्या. कापून. तुकडे बारीक करू नका, मागे केले होते तसे."

तिने कापलं. पर काढले, पोट साफ केलं, टोपात धुतलं, पिशवीत भरलं. तेवढे तुकडे तिने आयुष्यात कोणाचे नीट केले नव्हते. मग टोप उचलून ती सवयीने झाडाकडे वळली आणि थांबली. टोप हातात तसाच. बुंध्यावर, पार खाली, म्हातारीच्या स्टुलाच्या उंचीवर, दोन लालसर कोंब आले होते. नखाएवढे. जगेल की नाही, हे समीक्षाही सांगत नव्हती.

कमळ गटाराकडे वळायला लागली.

"खारं नाही ना?" मागून नितेशने विचारलं.

"नाय. नळाचं. मासा पण ताजा," ती म्हणाली, आणि जीभ चावली.

नितेशने एका हातात पिशवी धरली, दुसऱ्या हाताने नाक धरलं. "मग टाका तिथेच," नाकातून तो म्हणाला. "पण माझ्या पायरीच्या पलीकडून."

कमळ झाडाला वळसा घालून पलीकडे गेली, खाली बसली, आणि टोप हळूहळू, कोंबांना न भिजवता, ओतू लागली.